हातवारे नव्हे, भाषा

कर्णबधिरांच्या भाषेला ‘हातवारे’ म्हणून हिणवणाऱ्यांना आमचा प्रश्न आहे : जिला स्वतःचे व्याकरण आहे, तिला भाषा का म्हणू नये? भारतीय सांकेतिक भाषेत ‘कोण’, ‘कुठे’ हे प्रश्नवाचक संकेत वाक्याच्या अखेरीस येतात. ती मराठीची वा हिंदीची नक्कल नव्हे.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये धर्मगुरू द लेपे यांनी संकेतांतूनच मुलांना शिकवले. तरीही 1880 साली मिलानच्या परिषदेत बहुतांशी ऐकू येणाऱ्या शिक्षकांनी संकेतांना शाळेबाहेर काढण्याचा ठराव केला. मुलांनी ओठ वाचावेत, उच्चार घोकावेत, हेच शिक्षण ठरले! 2010 मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेने त्याबद्दल खेद व्यक्त केला. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही या भाषेची दखल घेतली. मात्र राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला अद्याप स्थान नाही.

आधी मुलाचे हात बांधायचे आणि मग त्यालाच मुके म्हणायचे, हा कुठला न्याय? श्रवणयंत्र जरूर द्यावे. परंतु त्याचा गुण येईपर्यंत बालपण थांबत नाही. म्हणून पालकांनी, शाळांनी आणि आपल्या धर्मग्रामांनीही ही भाषा शिकावी. कर्णबधिरांना आपली कणव नको, त्यांची भाषा हवी.