पंपात काय आहे ते गड्याला कोण सांगणार?



आपल्याकडे कृषी केंद्रात जाऊन कोणी विष मागत नाही, औषध मागतो. तुडतुड्याचे औषध, बोंडअळीचे औषध, ज्वारीच्या खोडमाशीचे औषध. घरी आणल्यावर तो डबा औषधाचाच राहतो. गड्यालाही आदल्या रात्री एवढाच निरोप जातो, की उद्या औषध मारायचे आहे, लवकर ये. माणूस दगावला म्हणजे वर्तमानपत्रात 'विषारी औषध' असे दोन्ही शब्द एकत्र छापून येतात. तोवर त्यातला पहिला शब्द कोणाच्या तोंडी नसतो.

हा काही शब्दांचा खेळ नाही. औषध म्हटले की माणूस हात आखडत नाही. चार थेंब अंगावर सांडले तर पुसतो आणि पुढच्या तासाला लागतो.

२०१७ सालच्या पावसाळ्यात काय झाले ते विदर्भातल्या कापूसवाल्यांना सांगायला नको. जुलै ते ऑक्टोबर या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. दवाखान्यात गेलेल्यांची संख्या आठशेच्या घरात होती. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती. हवा दमट, ऊन कडक, अंग घामाने भिजलेले. हातपंपाच्या जागी जोराचे पंप आलेले, त्यांचा फवारा धुक्यासारखा बारीक. माणूस पिकावर फवारत नव्हता, पिकाच्या आत शिरून स्वतःभोवती फवारत होता. त्यात पंपात एक औषध नव्हतेच. दोन कीटकनाशके, वर एक टॉनिक, वर एखादे बुरशीचे. कृषी केंद्रवाल्याने सांगितले आणि आपण बादलीत ओतले.

सरकार पहिल्यांदा काय म्हणाले? शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही. मग हातमोजे आणि चष्मे वाटले गेले. मग विशेष तपास पथक नेमले गेले, आणि नोव्हेंबरमध्ये यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांची विक्री साठ दिवसांसाठी बंद झाली. तोवर फवारणीचा हंगाम सरत आला होता. साठच दिवस का, असे विचारले तर उत्तर कायद्यात आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने राज्य सरकारच्या हाती दोरी दिली ती एवढ्याच लांबीची. त्या पाचांतले मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के हे द्रव औषध देशभर बंद करण्याचा केंद्राचा आदेश निघायला २०२३ साल उजाडले. मधल्या सहा हंगामांचा हिशेब कोणी मागितला नाही.

काळजी घेतली नाही, हे वाक्य आपल्याला झोंबते आणि झोंबलेच पाहिजे. पण जरा थांबून विचार करू. काळजी कोणती घ्यायची हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्याने ती न घेतल्याचा दोष कोणाकडे जातो?

कारखान्यातल्या कामगाराच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर जगाने केव्हाच देऊन टाकले आहे. अमेरिकेत १९८३ साली नियम झाला, की ज्या रसायनात कामगाराचे हात जातात त्याचे नाव, त्याचा धोका आणि त्यावरचा उपाय मालकाने त्याला सांगितलाच पाहिजे. डब्यावर चिठ्ठी पाहिजे, माहितीचा कागद पाहिजे आणि शिकवणीही पाहिजे. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८४ मध्ये, आपल्या भोपाळात काय झाले? कीटकनाशकाच्याच कारखान्यातून वायू सुटला. दवाखान्यात माणसांचे ढीग लागले आणि डॉक्टरांना हेच कळेना की यांच्या पोटात आणि छातीत गेले आहे तरी काय. त्यानंतर १९८७ साली आपल्याही कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोक्याच्या रसायनांची माहिती कामगाराला देणे कारखानदाराला बंधनकारक झाले, आणि धोका दिसल्यास बोट दाखवण्याचा हक्क कामगाराला मिळाला. पुढे २०२० च्या कामगार संहितेतही हे आले.

म्हणजे कारखान्यात जो माणूस ते विष बाटलीत भरतो, त्याला आत काय आहे हे विचारण्याचा हक्क आहे. तीच बाटली आपल्या वावरात जो रिकामी करतो, त्याला नाही.

कायद्याने शेताला कसे वगळले तेही पाहून ठेवा. १९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेले पीठ पोटात जाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. त्या धक्क्यातून दहा वर्षांनी १९६८ चा कायदा आला आणि १९७१ साली त्याचे नियम झाले. नियम वाचायला चांगले आहेत. उत्पादक, विक्रेते आणि फवारणीचा धंदा करणारे यांनी कामगारांची वैद्यकीय तपासणी करावी, संरक्षक कपडे द्यावेत, उतारा आणि प्रथमोपचार हाताशी ठेवावा, शिकवण द्यावी. सगळे आहे. आणि त्याच कायद्याच्या ३८ व्या कलमात लिहिले आहे, की कोणीही आपल्या वहितीच्या जमिनीवर कीटकनाशक वापरले तर त्याला हा कायदा लागू नाही. ही सूट शेतकऱ्याला इन्स्पेक्टरच्या जाचातून वाचवायला दिली असेल, आणि ती जाऊन वावरावावरात इन्स्पेक्टर यावा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. इन्स्पेक्टर आला की काय घेऊन जातो हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्या सुटीचा अर्थ असा झाला, की धुऱ्याच्या आत कायदा नाही, फक्त मालक आहे. आणि तो मालक आपण आहोत.

इथे थोडे कडू बोलावे लागेल. आपण कोरडवाहू माणसे. पाच-सात एकरांचा धनी स्वतःला मालक म्हणवून घ्यायला लाजतो, आणि त्याचे बरोबरही आहे. निम्मी फवारणी तो स्वतःच करतो, मेलेल्यांत तोही होता. पण उरलेली निम्मी जो करतो तो रोजाने नाही, पंपाच्या हिशेबाने पैसे घेतो. जितके पंप जास्त तितका पैसा जास्त. म्हणून तो वाऱ्याची दिशा पाहत नाही, जेवायला बसताना हात धूत नाही, पंप गळत असला तरी थांबत नाही. आज आपल्या वावरात, उद्या शेजाऱ्याच्या, परवा तिसऱ्याच्या. आपण हंगामात पाच-सहा वेळा फवारतो, तो दोन महिने रोज फवारतो. आणि आपण त्याला सांगतो काय? एका पंपाला दोन झाकणे टाक.

आता बाटलीकडे या. नियमाप्रमाणे प्रत्येक बाटलीबरोबर पत्रक पाहिजे. त्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार, उतारा आणि डब्याची विल्हेवाट हे सगळे पाहिजे, आणि ते हिंदी-इंग्रजीसोबत त्या भागाच्या भाषेतही पाहिजे. पत्रक असते. घडीवर घडी घातलेले, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचे, आणि मराठी अशी की वाचून झाल्यावर कोणाला तरी अर्थ विचारावा लागतो. गड्याच्या हाती तेही येत नाही, कारण त्याच्यासमोर बादलीतले पांढरे पाणी येते.

अक्षर न येणाऱ्यासाठी रंगाचा त्रिकोण आहे. चौकोन तिरपा उभा केलेला, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग. लाल म्हणजे अति विषारी, पिवळा म्हणजे जास्त विषारी, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून कमी. हे रंग उंदरांवरच्या चाचणीवरून ठरतात. पोटात गेलेले जे विष किलोमागे ५० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रमाणात निम्मे उंदीर मारते ते लाल. हाच हिशेब ५० किलोच्या माणसाला लावला तर अडीच ग्रॅम होतात, चहाचा चमचाही भरत नाही. पण गावात या रंगांचा अर्थ वेगळाच लागतो. लाल म्हणजे कडक, म्हणजे अळीवर भारी, म्हणजे पैसे वसूल. आणि हिरवे म्हणजे बिनधोक. दोन्ही चूक. हिरवेही विषच आहे. शिवाय तो रंग एका विषाचा एका वेळचा आहे. तीन बाटल्या एका बादलीत गेल्यावर त्या मिश्रणाचा त्रिकोण कोणत्या रंगाचा, हे कोणत्याच बाटलीवर लिहिलेले नसते. २०१७ साली बंद केलेली ती पाचही काही लाल नव्हती.

विष अंगात कसे जाते याचाही आपल्याकडे गैरसमज आहे. नाकातोंडाला दुपट्टा बांधला की झाले असे वाटते. फवारणीत बहुतेक विष जाते ते कातडीतून. सर्वांत घातक वेळ पंप पाठीवर घेण्याच्या आधीची, म्हणजे बाटलीतले निर्भेळ विष उघड्या हाताने मोजून काठीने ढवळण्याची. त्यानंतर गळक्या पंपाची. पाठ आणि कंबर भिजते, धोतर किंवा पँट भिजते, आणि जांघेतली नाजूक कातडी हाताच्या कातडीपेक्षा कितीतरी पट जास्त विष शोषते. भिजलेला दुपट्टा तर विष तोंडापाशी धरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्याच पिकात निंदायला शिरलेल्या बाया आणि संध्याकाळी ते कपडे हाताने धुणारी घरधनीण यांच्या वाट्यालाही ते येते. त्यांना तर कोणी झाकणाचा हिशेबसुद्धा सांगितलेला नसतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या जातीची विषे शरीरातले एक द्रव्य बंद पाडतात, ज्याच्यामुळे नसेचा हुकूम बजावून झाल्यावर थांबतो. तो थांबेनासा होतो. लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांची बाहुली बारीक होते, उलटी आणि जुलाब होतात, अंगाचे स्नायू फडफडतात, शेवटी श्वास अडकतो. यावर ॲट्रोपिन हा उतारा आहे, वेळेवर मिळाला तर माणूस वाचतो. पण सगळ्या कीटकनाशकांना हा उतारा चालत नाही. काहींना उताराच नाही, लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. म्हणून डॉक्टरला पहिला प्रश्न पडतो तो हाच, की काय फवारले. गडी म्हणतो, मालकाला माहीत. मालक म्हणतो, केंद्रवाल्याने दिले. भोपाळच्या डॉक्टरांपुढे जो अंधार होता तोच इथे तालुक्याच्या डॉक्टरापुढे असतो.

या हंगामापासून करता येईल असे बरेच आहे आणि त्याला सरकारची परवानगी लागत नाही. पक्के बिल घ्या, त्यावर नाव आणि बॅच नंबर लिहून घ्या. तेच बिल उद्या भरपाईच्या दाव्यातही कामी येते. पंप भरण्याआधी बाटली गड्याच्या हातात द्या, रंग दाखवा, नाव दोनदा सांगा, आणि त्रास झाला तर काय होईल ते त्याच्या बोलीत सांगा. पाच मिनिटांचे काम आहे. पंपाच्या हिशेबाऐवजी रोजाने पैसे द्या, म्हणजे तो उन्हाच्या वेळी थांबेल. केंद्रवाल्याच्या सांगण्यावरून बाटलीत बाटली मिसळू नका. वावरात साबण आणि पाण्याची घागर ठेवा. फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावर लाल चिंधी बांधा आणि पत्रकात सांगितलेले दिवस होईपर्यंत निंदायला बायका आणि चरायला जनावरे आत घालू नका. लेकराच्या हाती पंप देऊ नका. गड्याला मळमळले, डोळ्यांपुढे धुंद आली तर ताक, लिंबू, चिंच यात वेळ घालवायचा नाही. कपडे उतरवायचे, अंग साबणाने धुवायचे, १०८ ला फोन करायचा आणि माणसाबरोबर बाटलीही दवाखान्यात पाठवायची. रिकामा डबा फोडून टाकायचा. बिहारात २०१३ साली शाळेतल्या जेवणातून तेवीस पोरे मेली, ते मोनोक्रोटोफॉस होते. स्वयंपाकाचे तेल त्याच्या डब्यात ठेवले गेले होते.

सरकारकडे मागायचे तेही आहे. कीटकनाशकांच्या नव्या कायद्याचे एक विधेयक २००८ साली आले, दुसरे २०२० साली. जो कोणता कायदा राहील त्यात शेतमजुराला माहितीचा हक्क असावा, आणि ती देण्याची पहिली जबाबदारी विकणाऱ्यावर आणि बनवणाऱ्यावर असावी, कारण नफा तिथे राहतो. पत्रकाची अक्षरे वाचता येतील एवढी असावीत. तालुक्याच्या दवाखान्यात जून महिन्यातच ॲट्रोपिनचा साठा असावा आणि रक्तातले ते द्रव्य तपासण्याची सोय जिल्ह्याला असावी. आणि अपघाताची मदत सातबारा पाहून मिळते. ज्याच्या नावावर सातबारा नाही आणि पाठीवर पंप आहे, त्याच्या बायकोने कोणता उतारा जोडायचा?

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने घरात पडलेले एक पत्रक घेऊन यावे. बाटली नको, पत्रकच. गावातल्या फवारणी करणाऱ्या एका मजुरालाही बरोबर आणावे. पत्रके तिथे मोठ्याने वाचू आणि त्याला किती समजले ते त्यालाच विचारू. जे समजले नाही ते लिहून काढू आणि तोच कागद कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवू.