आधी हुकूम, मग गोळी

पिस्तूल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला नायक उभा राहतो. तो कमरेचे पिस्तूल काढतो आणि झाडतो. काढण्यापूर्वी ते कोणत्या अवस्थेत होते, असा प्रश्न पडद्यावर कुणाला पडत नाही. प्रत्यक्षात मात्र खरी जोखीम तिथेच असते.

अर्धस्वयंचलित पिस्तुलाच्या मुठीत मॅगझिन असते. स्लाइड मागे ओढून सोडली की वरची गोळी चेंबरमध्ये शिरते आणि घोडा चढतो. पुढे चापाच्या एकेका दाबाला एकेक गोळी सुटते. पण चापाचे काम सर्वत्र सारखे नाही. ‘सिंगल ॲक्शन’मध्ये चाप चढलेला घोडा फक्त सोडतो, म्हणून दाब हलका. ‘डबल ॲक्शन’मध्ये चापच घोडा चढवतो आणि सोडतो, म्हणून पहिला दाब लांब व जड. ग्लॉकसारख्या पिस्तुलाला बाहेर घोडाही नाही आणि सेफ्टीचा खटकाही नाही; बोटाने चाप नीट दाबला की गोळी सुटलीच. आपल्या सैन्यात व पोलिसांत वर्षानुवर्षे वापरात असलेले ईशापूरच्या कारखान्याचे ९ मि.मी.चे पिस्तूल ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीचे, म्हणजे सिंगल ॲक्शन आहे.

असे पिस्तूल बाळगायचे कसे? एक तर चेंबर रिकामे ठेवून. किंवा गोळी आत, घोडा चढलेला आणि सेफ्टी लावलेली. किंवा गोळी आत आणि घोडा उतरवलेला. सिंगल ॲक्शनमध्ये तिसरी रीत सर्वांत वाईट, कारण भरलेल्या चेंबरवर घोडा उतरवताना अंगठा निसटला की बार उडतो. उरल्या दोन. त्यांतली कोणती निवडावी, हे यंत्राइतकेच जागेवरही अवलंबून आहे.

ही जागा म्हणून मी पांढुर्ण्याचे उदाहरण घेतो. आपल्यासारखाच तोही सीमाभाग: मध्य प्रदेशात असलेला, पण घरात मराठी बोलणारा. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून काढून २०२३ साली नवा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीत पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव होतो. हीच गोटमार. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. काहींनी प्राणही गमावले आहेत. १९७८ आणि १९८७ साली येथे पोलिसांच्या गोळीबाराचे प्रसंगही घडले.

अशा गर्दीत बंदोबस्ताला उभ्या असलेल्या अधिकाऱ्याची कल्पना करा. धक्के बसतात, पाय घसरतो, दगड येतो. एक हात कशाला तरी घट्ट पकडू लागला की दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आवळतात. हा शरीराचा धर्म आहे. त्या क्षणी चेंबरमध्ये गोळी असेल, सेफ्टी सरकलेली असेल आणि बोट चापावर असेल, तर त्या हलक्या चापाला माणसाचा हेतू कळत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की गर्दीच्या बंदोबस्तात चेंबर रिकामेच असावे.

यावर जाणकार म्हणतील, “एका हाताला दगड लागला तर स्लाइड ओढणार कोण?” आक्षेप खरा आहे. एकट्याने गुन्हेगाराच्या मागावर जाणाऱ्याला किंवा अंगरक्षकाला ते दोन क्षण महाग पडू शकतात. त्यांनी गोळी आत ठेवावी आणि त्यासाठी कसून सराव करावा. पण बंदोबस्तातला अधिकारी एकटा नसतो. त्याच्यासोबत ढाली आणि लाठ्या घेतलेले शिपाई असतात. शिवाय बेकायदेशीर जमाव पांगवताना कार्यकारी दंडाधिकाऱ्याने किंवा जबाबदार पोलीस अधिकाऱ्याने आधी हुकूम द्यावा लागतो. त्या हुकुमानंतर स्लाइड ओढायला वेळ मिळतो. अपघाताने सुटलेली गोळी मात्र कुणाच्याच हुकुमाची वाट पाहत नाही, आणि अशा एका गोळीने सारा जमाव पेटू शकतो.

हाच विचार खाजगी परवानाधारकालाही लागू पडतो. ९ मि.मी.चे पिस्तूल सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे, ०.३२ बोअरचे परवान्याने मिळते. २०१६च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाची तरतूद आहे. २०१९च्या दुरुस्तीने लग्न-वरातीत निष्काळजीपणे बार उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. पण कायदा बार उडाल्यावर येतो. शिस्त त्याआधी लागते. पांढुर्णा-सौंसरसारख्या नव्या जिल्ह्याने परवाना देताना अर्जदाराला एवढेच विचारावे: तुझ्या पिस्तुलाचा चाप काय काम करतो, आणि ते तू कोणत्या अवस्थेत बाळगणार? ज्याला उत्तर येत नाही, त्याला तूर्त काठीच पुरे.

सेफ्टीचा खटका लोखंडाचा असतो. तो झिजतो, सरकतो, विसरला जातो. शेवटची सेफ्टी म्हणजे चापापासून दूर ठेवलेले बोट. ते दूर ठेवण्याची सवय एन.सी.सी.च्या मैदानावर पहिल्याच दिवशी लागली पाहिजे, नेमबाजीचे गुण त्यानंतर मोजावेत.