नातीची उड्डाणवही



जर्मनीला लेकीकडे राहून आले. नात पंधरा वर्षांची. वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर ग्लायडर शिकते. म्हणजे बिनइंजिनाचे विमान बरं का! तिथे १९२० पासून ग्लायडर उडताहेत. चौदाव्या वर्षी एकट्याने उडता येते, लायसन्स मात्र सोळाव्या वर्षी.

प्रत्येक उड्डाण वहीत लिहावे लागते. तिला ते फ्लुगबूख म्हणतात. वही घ्यायला मीही गेले. नातीला सुट्या पानांची, रंगीत हवी होती. मी म्हटले, पक्की शिवलेलीच घे, पान निसटले की हिशेब गेला. त्यात तारीख, विमानाचा नंबर, कुठून उडाले, किती वाजता, कुठे उतरले, दोराने ओढून चढवले की दुसऱ्या विमानाने, एकटी की शिक्षक बरोबर, असे रकाने. लायसन्सला निदान १५ तास आणि ४५ उड्डाणे लागतात, म्हणून पाच मिनिटांचेही मोल.

एका संध्याकाळी एक ओळ कोरी दिसली. “आजी, चारच मिनिटं होती. उतरताना मी चुकले, सरांनी दांडा घेतला. ते नाही लिहिणार.”

मी तिला माझे सांगितले. नर्सिंगचे पहिले वर्ष, रात्रपाळी. झोप अनावर झाली, म्हणून एका रोग्याचा ताप न मोजताच तक्त्यावर ९८.६ लिहिला. पहाटे त्याला १०३ निघाला. सिस्टर काही बोलल्या नाहीत, नुसता तक्ता माझ्यापुढे धरला. अजून तो कागद डोळ्यांपुढून जात नाही.

“वाचला का गं तो?”

“वाचला.”

मग तिने पेन मागितले.