'ग्रोथ' दिसली की बाईलाच बोल?

लघवीच्या कल्चर रिपोर्टवर 'ई. कोलाय, एक लाखाच्या वर' आलं की घरचेच म्हणतात, "स्वच्छता पाळत नाहीस." हा अन्याय आहे. ई. कोलाय आपल्याच आतड्यातला जंतू. जळजळ, ताप असेल तर लगेच दवाखाना गाठा. काहीच त्रास नसेल तर बहुतेकींना औषध लागत नाही. गरोदर बाईला मात्र त्रास नसला तरी लागतं. 'मिक्स्ड ग्रोथ' म्हणजे बहुधा नमुना नीट घेतला गेला नाही. मधल्या धारेचा पुन्हा द्यावा. 'आर' लिहिलेलं औषध त्या जंतूवर चालत नाही, मग शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या कशाला? सार्वजनिक संडासाला दिवा नाही, कडी नाही, म्हणून बाया पाणीच कमी पितात, रात्रभर लघवी दाबून धरतात. विहारातल्या महिला मंडळाने वॉर्ड ऑफिसात आधी त्या दिव्याचा अर्ज द्यावा.