बागकामाचं पुस्तक घेताना

बागकामाचं पुस्तक हातात घेतलं की आपण आधी फोटो बघतो. मोठे गुलाब, लालभडक टोमॅटो! पण माझ्या मते आधी हे बघावं, की पुस्तक कुठल्या हवेसाठी लिहिलंय.

इंग्लंडमध्ये उन्हाळ्यातही पाऊस पडतो. कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी उन्हाळा कोरडा जातो आणि पाऊस हिवाळ्यात येतो. पुण्यात तर पावसाळा जून ते सप्टेंबर. मग एकच पुस्तक तिन्ही ठिकाणी कसं चालेल? ‘मार्चमध्ये बी पेरा’ असं वाचून शिकागोत बाहेर जाल, तर अंगणात बर्फ असू शकतो!

अमेरिकेच्या शेती खात्याचा एक नकाशा आहे. हिवाळ्यात थंडी किती कडक पडते, त्यावरून त्यात १३ विभाग केलेत. हा नकाशा २०२३ मध्ये नव्याने काढला. त्यामुळे जुन्या पुस्तकातला तुमचा विभाग आता बदललेला असू शकतो. शिवाय हा नकाशा उन्हाळ्याबद्दल काहीच सांगत नाही. ‘सनसेट वेस्टर्न गार्डन बुक’मध्ये ऊन, वारा, पाऊस यांचाही विचार करून २४ विभाग केलेत. मला ही पद्धत जास्त पटते.

मग मी शेवटची सूची उघडते. कढीपत्ता, अळू, मेथी आहे का? बरेचदा नसतात. कढीपत्त्याला कडक थंडी सोसत नाही. त्याची कुंडी घरात कधी आणायची, हे पुस्तकानं सांगायला नको का? ते नसेल, तर फोटो कितीही छान असोत, मी पुस्तक परत जागेवर ठेवते.