पाणी पाजलेलं आयुष्य

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या जळकोटसारख्या गावात लोहाराच्या भात्यापुढे घटकाभर उभं राहावं. लालबुंद कोयता पाण्यात बुडतो, चर्र आवाज होतो. मग तेच पातं लोहार पुन्हा हलकं शेकतो. नुसतं पाणी पाजलं तर पातं कडक होतं, पण ठिसूळही. शेकलं की चिवट होतं. धातुशास्त्राचा पहिला धडा हाच. याच रस्त्यानं पुढे हैदराबादेत संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा आहे, १९६३ सालची. त्याआधीच ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रात लाहोरात जन्मलेल्या डॉ. ब्रह्मप्रकाशांच्या हाताखाली धातुशास्त्रज्ञांची फळी उभी राहिली होती. जानेवारी १९५९मध्ये तिथं अणुभट्टीलायक युरेनियम धातू तयार झाला. अणुभट्टीतल्या इंधनाच्या आवरणासाठी लागणाऱ्या झिर्कोनियममधून त्याचं जुळं भावंड हाफ्नियम वेगळं काढणं हे तर महाकिचकट काम. पण ते काढावंच लागतं, कारण अणुभट्टी ज्यांच्यावर चालते ते न्यूट्रॉनच हाफ्नियम गिळून टाकतं. १९७२मध्ये हेच ब्रह्मप्रकाश विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे पहिले संचालक झाले. अणुभट्टी असो की अग्निबाण, घोडं अडतं ते धातूपाशीच. आणि टाळ्या मिळतात त्या उड्डाणाला. त्याचं वाईट कशाला वाटावं? उसाच्या फडात कोयता चालतो, तेव्हा लोहाराची आठवण तरी कुणाला येते?