सत्ताविसाव्या नंबरची जर्सी

रुडी गोबेर हा फ्रेंच बास्केटबॉलपटू पाठीवर २७ नंबर घालून खेळतो. जर्सीचा नंबर कुणी वाढदिवसावरून घेतो, कुणी आवडत्या खेळाडूवरून. गोबेरचा नंबर त्याच्या अपमानावरून आला आहे. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या एनबीए लीगच्या निवडीत एकामागून एक २६ मुलांची नावं पुकारली गेली, मग त्याचं. आपण किती जणांच्या मागे होतो हे विसरायचं नाही, म्हणून तो आकडा त्याने पाठीवर घेतला.

पुढे हाच मुलगा एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. एकदा नाही, चारदा: २०१८, २०१९, २०२१ आणि २०२४. हा मान चार वेळा मिळवणारे त्याच्याआधी दोघंच होते, डिकेम्बे मुटोम्बो आणि बेन वॉलेस. मग त्या रात्री पारख करणाऱ्यांचं नेमकं काय चुकलं? मी मास्तर आहे, मुलांचं मूल्यमापन हेच माझं रोजचं काम. म्हणून हा प्रश्न मला सोडत नाही.

आधी ही निवड कशी होते ते सांगतो. क्रिकेटमुळे आपल्याला लिलाव माहीत आहे: ज्याची बोली मोठी, त्याचा खेळाडू. एनबीएचा ड्राफ्ट तसा नाही. तिथे ३० संघ असतात, दोन फेऱ्या होतात आणि ज्या संघाची पाळी येईल तो एक नाव घेतो. गेल्या हंगामात मार खाल्लेल्या संघांची पाळी आधी येते, त्यातही पहिल्या काही जागांसाठी सोडत काढतात. पहिल्या फेरीतल्या मुलाचा पगार त्याच्या क्रमांकावरून ठरतो. म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या पोराच्या कपाळावर एक आकडा चिकटतो आणि पुढची काही वर्षं तो आकडाच त्याची ओळख होऊन बसतो.

ड्राफ्टच्या आधी मुलांची मापं घेतात. गोबेरची मापं पाहून तिथले लोक थक्क झाले होते. उंची सात फुटांच्या वर. दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत सात फूट साडेआठ इंच. जमिनीवर नुसतं उभं राहून हात वर केला की नऊ फूट सात इंच. बास्केटबॉलची रिंग दहा फुटांवर असते. म्हणजे उडी न मारता त्याची बोटं रिंगपासून पाच इंचांवर! अशी मापं तोवर त्या मोजणीत कुणाचीच नोंदली गेली नव्हती.

तरीही तो मागे पडला. कारणं सगळ्यांना पाठ होती. अंगाने काटकुळा आहे, धसमुसळ्या गड्यांपुढे टिकायचा नाही. लांबून बास्केट करता येत नाही. फ्री थ्रोसुद्धा चुकवतो. फ्रान्समध्ये ज्या क्लबकडून खेळतो त्याचं नाव शोले (हो, उच्चार अगदी आपल्या सिनेमासारखाच), पण तिथले त्याचे आकडे काही गब्बरसारखी दहशत बसवणारे नाहीत. डेन्व्हर संघाने त्याला निवडलं आणि लगेच युटा संघाला देऊन टाकलं. बदल्यात काय घेतलं? ४६ व्या क्रमांकावर निवडलेला एरिक ग्रीन आणि काही रोख रक्कम.

त्या वर्षी पहिलं नाव होतं अँथनी बेनेट. चार हंगामांत तो एनबीएतून बाहेर पडला. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या क्रमांकांवर तीन उंच खेळाडू होते: कोडी झेलर, अॅलेक्स लेन, नर्लेन्स नोएल. तिघांनीही बरी कारकीर्द केली, पण गोबेरच्या खांद्याला कुणी लागला नाही.

इथे कुणीही म्हणेल, गुरुजी, निकाल लागल्यावर उत्तरपत्रिका तपासणं सोपं असतं. खरं आहे. निवड करणारे लोक मूर्ख नव्हते. त्यांच्या डोळ्यांसमोर फ्रेडरिक वाइस होता.

वाइसची उंची सात फूट दोन इंच. १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या निक्स संघाने त्याला १५ व्या क्रमांकावर निवडलं. त्याच शहरातल्या कॉलेजात खेळलेला रॉन आर्टेस्ट तेव्हा उपलब्ध होता, तो पुढच्याच पाळीत दुसऱ्या संघाकडे गेला आणि मोठा खेळाडू झाला. वाइस एनबीएत एकही सामना खेळला नाही. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा व्हिन्स कार्टर चक्क त्याच्या डोक्यावरून उडी मारून गेला आणि त्याने चेंडू रिंगमध्ये कोंबला. फ्रेंच लोकांनी त्याला ‘मृत्यूचा डंक’ असं नाव दिलं. जगाला वाइस त्या एका क्षणामुळे आठवतो. त्याच ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सने रौप्यपदक जिंकलं आणि ते वाइसच्याही गळ्यात होतं, हे मात्र फार कमी लोक सांगतात.

उंची असली की सगळं आलं असं नाही, हे आपणही जवळून पाहिलं आहे. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय ठरला. डॅलस संघ, ५२ वा क्रमांक, उंची सात फुटांच्या वर. एनबीएच्या मुख्य हंगामात तो एकदाही कोर्टवर उतरू शकला नाही.

म्हणजे सावध राहण्यात चूक नव्हती. चूक वेगळीच होती आणि ती आम्हा शिक्षकांच्या ओळखीची आहे.

आपल्याकडे शाळेत आम्ही वर्णनात्मक नोंदी लिहितो. तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. कुठल्याही शिक्षकाला विचारा, यातला तिसरा रकाना सर्वांत भराभर भरतो. ‘गणिती क्रिया करताना चुकतो.’ ‘वाचनात अडखळतो.’ ‘अक्षर सुधारावे.’ पहिल्या रकान्यापाशी मात्र पेन थबकतं, आणि मग गेल्या वर्षीचंच वाक्य उतरवलं जातं. मीही उतरवलं आहे. नसलेली गोष्ट पटकन दिसते. असलेली गोष्ट ओळखायला त्या मुलाकडे नीट बघावं लागतं.

गोबेरच्या बाबतीत तिसरा रकाना अचूक भरला होता. त्यातली एकही नोंद खोटी नव्हती. पण पहिल्या रकान्यात जे होतं त्याचं वजन कुणी केलं नाही.

बास्केटबॉलमध्ये आज सर्वांत जास्त चालणारी चाल म्हणजे पिक-अँड-रोल. चेंडू घेतलेल्या खेळाडूसाठी त्याचा उंच सहकारी वाटेत भिंतीसारखा उभा राहतो, मग वळून रिंगकडे धावतो. आता बचाव करणाऱ्या सेंटरसमोर एकाच वेळी दोन माणसं येतात: चेंडू घेऊन घुसणारा आणि वरून पास मिळण्याची वाट बघत धावणारा. एकाकडे गेलं तर दुसरा मोकळा. ज्याचे हात साडेसात फुटांहून जास्त पसरतात आणि ज्याचे पायही हलते आहेत, तो दोघांच्या मधे उभा राहून अर्धा क्षण दोघांनाही रोखून धरतो. तेवढ्यात मागचा साथीदार परत येऊन पोहोचतो. हे काम फळ्यावर आकड्यांत दिसत नाही. कारण घुसणारा खेळाडू त्याला पाहून अर्ध्यातूनच मागे फिरतो, आणि जो फटका मारलाच गेला नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

वजन वाढवता येतं. फ्री थ्रो घोटवून घेता येतो. हात मात्र कुणालाही लांब करून देता येत नाहीत. शिकवता येणाऱ्या उणिवांसाठी त्यांनी गुण कापले आणि शिकवता न येणारी देणगी जवळजवळ फुकटात सोडून दिली. माझ्या मते चूक ती ही.

देणगीपुढे मेहनत लागतेच. पहिल्या हंगामात गोबेर ४५ सामने खेळला, सामन्याला दहा मिनिटंही त्याच्या वाट्याला येत नव्हती. मधे काही दिवस त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं गेलं. २०१४ च्या विश्वचषकात माद्रिदमध्ये, यजमान स्पेनविरुद्ध, पाउ गॅसोलसारख्या दिग्गजापुढे तो पाय रोवून उभा राहिला आणि फ्रान्सने तो उपांत्यपूर्व सामना जिंकला. फेब्रुवारी २०१५ मध्ये युटाने इनेस कँटरला दुसऱ्या संघाकडे पाठवून गोबेरसाठी जागा केली. कँटर ड्राफ्टमध्ये तिसरा आला होता. तिसऱ्याने सत्ताविसाव्यासाठी खुर्ची सोडली!

शंका घेणारे सगळेच खोटे ठरले असंही नाही. २०२१ मध्ये क्लिपर्स संघाने लांबून बास्केट करणारे पाचही खेळाडू उतरवून गोबेरला रिंगपासून बाहेर ओढलं आणि युटाला घरी पाठवलं. त्याच्या मर्यादा आजही आहेत. पण २०२२ मध्ये मिनेसोटाने त्याला घेतलं तेव्हा पाच खेळाडू आणि पहिल्या फेरीचे चार हक्क मोजले. नऊ वर्षांपूर्वी एक खेळाडू आणि रोख रकमेत हाच माणूस मिळत होता.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. मला वाटतं, वाइसच्या अपयशाची थोडी किंमत गोबेरलाही मोजावी लागली. ‘फ्रेंच, उंच, काटकुळा’ म्हटलं की लोकांच्या मनात एक चित्र आधीच तयार असतं. एकाची पावती दुसऱ्याच्या नावावर फाडणं म्हणजे काय, हे माझ्या वाचकांना समजावून सांगायची गरज नाही. आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदलतो, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं आहे.

गंमत म्हणजे आता शिक्का उलटा बसतो आहे. २०२३ मध्ये व्हिक्टर वेम्बन्यामा पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याने पहिल्याच हंगामात लीग हलवून सोडली. पुढच्या वर्षी पहिल्या सहा नावांत तीन फ्रेंच होते: झाकारी रिझाशे, अलेक्स सार, तिजान सालाउन. दुसरा आलेला सार हा सात फुटी. जुलै २०२४ मधल्या सराव स्पर्धेत एका सामन्यात त्याने १५ वेळा नेम धरला आणि पंधराही चुकले. लोकांनी टिंगल केली, वाया गेला म्हणाले. हंगाम संपला तेव्हा नवोदितांच्या सर्वोत्तम पाचांत त्याचं नाव होतं. एका पेपरवरून वर्षाचा निकाल लावू नये, हे आम्ही प्रशिक्षणात शिकलो आणि नोकरीत विसरलो.

आता जोआन बेरँजेकडे बघा. उंचापुरा फ्रेंच मुलगा. आधी फुटबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे उशिरा वळला. स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्याना शहराच्या संघातून तो थेट २०२५ च्या ड्राफ्टमध्ये आला. वय १८. तिसरा रकाना त्याच्यासाठीही भरगच्च असणार: अंगात ताकद कमी, लांबून नेम नाही, अनुभव थोडा. पण एवढ्या थोड्या वर्षांत तो जर इथवर पोहोचला असेल, तर त्याचा शिकण्याचा वेग हीच सर्वांत मोठी नोंद आहे. उशिरा शाळेत आलेलं मूल आणि पहिलीपासून आलेलं मूल यांना एकाच फूटपट्टीने मोजणं म्हणजे मूल्यमापन नव्हे.

अशा मुलाची पारख करताना मी तीन गोष्टी विचारीन. शिकवता येणार नाही असं याच्याजवळ काय आहे? जे नाही, ते शिकण्याचा याचा वेग किती? आणि याला शिकवणार कोण? तिसरा प्रश्न लोक विसरतात. क्रमांक मुलाला देतात, पण परीक्षा त्याला घेणाऱ्या संघाचीही असते. वाइसला योग्य माणूस भेटला असता तर काय झालं असतं, याचं उत्तर आता कुणाकडेच नाही.

बेरँजेला १७ व्या क्रमांकावर कुणी घेतलं ठाऊक आहे? मिनेसोटाने, म्हणजे गोबेरच्याच संघाने. हा मुलगा पुढे काय होईल ते मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण सरावाला जाताना रोज त्याच्यासमोर एक पाठ असेल आणि त्या पाठीवर २७ लिहिलेलं असेल. त्याहून चांगला फळा मला सुचत नाही.

आणि येत्या सत्रात नोंदी लिहायला बसेन, तेव्हा मी पहिला रकाना आधी भरणार आहे. प्रत्येक मुलासाठी वेगळा.